जाऊबाईंच्या हातांना काम

आमच्या जाऊबाईंना दुसऱ्यानं केलेलं काम पुन्हा केल्याशिवाय चैन पडत नाही. मी या घरात आल्यापासून माझ्या हातची घडी घातलेला एकही टॉवेल कपाटात तसाच गेलेला नाही. मी काकडी चिरली की त्या हळूच ताटलीपाशी येतात, जाड फोडी शोधतात आणि पातळ करून जातात. मोठ्या भाऊजींनी वाचून ठेवलेलं वर्तमानपत्रही त्या नव्यानं दुमडतात. भाऊजींनी केव्हाच हात टेकलेत. मी अजून अधूनमधून फणकारते.

शाळेत त्या विज्ञान शिकवतात आणि आठवी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या "आमची मुलं" म्हणाल्या की घरातली पोरं वळूनही बघत नाहीत. ती आठवीचीच असणार, हे त्यांना पाठ झालंय.

यंदा शाळेत टॅब्लेट आले. मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं की मुलांनी गटागटानं, ऑनलाइन, एकाच पानावर मिळून अभ्यास करायचा. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं, प्रत्येक गटाचा रंग वेगळा, आणि कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, हे मागाहूनही दिसणार. जाऊबाईंनी हौसेनं प्रश्न निवडला: प्रयोगशाळेची पाण्याच्या टाकीला लागून असलेली भिंत रोज सकाळी ओली का असते? उत्तर त्यांच्या मते ठरलेलंच होतं. आतला पाइप गळतो.

पहिल्याच तासाला मुलं लिहायला लागली आणि बाई लॅपटॉप घेऊन बसल्या. एका गटानं अर्धं वाक्य लिहिलं, बाईंनी ते पूर्ण केलं. दुसऱ्यानं "भिंत जुनी झाली आहे" लिहिलं, बाईंनी ते पुसलं. तिसऱ्याचं वाक्य तर त्यानं पूर्णविराम देईपर्यंत निम्मं बदललं होतं. मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांचे शब्द गायब होत होते. थोड्या वेळानं पोरं शहाणी झाली. टॅब्लेट समोर ठेवून, हाताची घडी घालून, बाई काय लिहितात ते बघत बसली. जाऊबाई घरी आल्या त्या खुशीत. पान फार देखणं झालं म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी ते पान उघडलं. वर्गात जितके गट तितके रंग दिसायला हवे होते, पण पान वरपासून खालपर्यंत जांभळं होतं, आणि जांभळा रंग बाईंचा. "बाई, तुमचा पेपर छान गेलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुलांचा कधी बघायला मिळेल?" महिनाअखेरीस पुन्हा बघेन आणि तेव्हाही असंच असेल तर आठवी नवीन सरांना देईन, असंही त्यांनी सांगून टाकलं.

त्या दिवशी जाऊबाईंनी टॉवेलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी घाबरले.

"मी मुद्दाम नाही गं करत," ओट्याशी टेकून त्या म्हणाल्या. "चुकीचं दिसलं की हात शिवशिवतात."

"हे मला सांगताय, ताई?" मी म्हटलं. पण त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि मला माझ्याच जिभेचा राग आला. आठवी गेली असती तर ही बाई आतून मोडली असती.

मी दुकानाला स्वेटर विणून देते, त्यामुळे घरात लोकर पडलेलीच असते. दोन सुया आणि एक करडा गुंडा मी त्यांच्या पिशवीत टाकला. "दोन्ही हात गुंतलेले राहिले की झालं," मी म्हटलं. "खोडायचं तर तिसरा हात उगवायला लागेल."

जाऊबाई वर्गात विणत बसल्या. मुलं आधी बघतच राहिली. "बाई, चुकलं तर?" एकानं विचारलं. "तुम्ही इतके जण आहात की, बघा एकमेकांचं," बाई म्हणाल्या आणि पुढची ओळ घेतली.

रोज संध्याकाळी मला सगळा वृत्तान्त मिळायचा. एका गटानं पाइप गळतो असं लिहिलं, तेव्हा जाऊबाई सुखावल्या. दुसऱ्यानं त्याखाली लिहिलं, मग दुपारपर्यंत भिंत कोरडी कशी होते? आणि शेवटच्या बाकावरच्या गटानं लिहिलं, "भिंतीला घाम येतो."

"घाम," जाऊबाई मला म्हणाल्या. "आठवीतली मुलं ही. भिंतीला घाम."

"खोडलंत?"

"नाही. पण जीव नुसता वरखाली होत होता."

दुसऱ्या दिवशी त्या घामाखाली एका वेगळ्याच रंगात ओळ आली: थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून येतो तसा का? मग पानावर नुसती झुंबड उडाली. टाकीत थंड पाणी कधी भरतात, ते शिपायाला विचारून एका गटानं लिहिलं: सकाळी, शाळा भरायच्या आधी. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवू, असं दुसऱ्यानं सुचवलं. पाणी भिंतीतून येत असेल तर प्लास्टिकच्या आत दिसेल, हवेतून येत असेल तर बाहेर.

सकाळी सगळा वर्ग भिंतीपुढे गोळा झाला. थेंब प्लास्टिकच्या बाहेर होते. आत भिंत ठणठणीत कोरडी.

"पाइप गळतच नाही गं," जाऊबाई घरी येऊन मटकन खुर्चीत बसल्या. "मी ते घामाचं वाक्य खोडलं असतं, आणि वर्षभर त्यांना पाइप शिकवला असता." हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

महिनाअखेरीस मुख्याध्यापिकांनी पान उघडलं तेव्हा त्यात सगळे रंग होते. जांभळी ओळ एकच होती: "मलाही माहीत नाही. कसं शोधून काढाल?" आठवी जाऊबाईंकडेच राहिली.

विणता विणता मफलर झाला होता, पण काय तो अवतार. कुठे ऐसपैस, कुठे आकसलेला. माझं पोट विणकामावर आहे, मला ते बघवेना. मधली एक ओळ तर इतकी आवळलेली की सुईसुद्धा शिरेना. ती उसवून नीट करावी म्हणून मी टोक शोधायला लागले, तेवढ्यात जाऊबाईंनी माझा हात धरला.

"सैल टाके आहेत ना, तिथे मुलं बरोबर लिहीत होती," त्या म्हणाल्या. "घट्ट आहेत तिथे चुकीचं."

"मग ही ओळ? इथे काय एवढं चुकलं होतं?"

"इथे भिंतीला घाम आला," जाऊबाई म्हणाल्या. "ती तेवढी उसवू नकोस. तिथे मी चुकले होते."