टेबलाखालचा डब्बा

लग्नानंतर नागपूरला मी माहेरचा एक जुना कॉम्प्युटर आणला. त्याला नवीन काही झेपत नव्हतं, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली हलकी सिस्टिम टाकली. नवऱ्याचा पत्त्यांचा गेम त्यावर चालेना, तेव्हापासून तो त्याला डब्बा म्हणायचा. "तुह्या डब्ब्यात काहीच नाही चालत." त्याचा हा गैरसमज मी जपला. मी घरबसल्या टायपिंग करायची, मजकूर फोनवर यायचा, म्हणून मेसेजचं ॲप डब्ब्यालाही जोडून ठेवलं होतं. फोन बंद पडला तरी ते काही दिवस चालतं.

नवरा मारायचा. हे सांगताना आता लाज वाटत नाही, राग येतो. दर वेळी मी वळांचे फोटो काढून स्वतःलाच पाठवायची. एका रविवारी सकाळी ते त्याच्या हाती लागले. त्याने वेणी धरून माझं तोंड ओट्यावर आपटलं आणि बत्त्याने फोनचा चुरा केला. "दाखव आता कोणाले दाखवायचे तं," म्हणाला, आणि हात धुऊन मटण आणायला गेला.

ओठाचं रक्त पुसत मी डब्ब्यासमोर बसले. सगळे फोटो जागेवर होते. माहेरी पाठवले असते तर "सांभाळून घे" म्हणाले असते. मी ते सासरच्या ग्रुपवर टाकले, जिथे तो रोज फुलांसकट सुविचार पाठवायचा. खाली लिहिलं, "आजचे सुविचार."

तो परतला तेव्हा ग्रुपवरच्या उत्तरांनी डब्बा टुणटुण वाजत होता. स्क्रीनवर स्वतःची करणी पाहून त्याने तोच बत्ता मॉनिटरवर घातला. पुढची पाळी माझ्या डोक्याची, म्हणून मी न्हाणीघरात शिरून कडी लावली. बाहेर तो काचा कुटत होता, आणि टेबलाखालचं सीपीयूचं खोकं वाजतच होतं. कॉम्प्युटर कशाला म्हणतात हेही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं.

तासाभरात सासूबाई कामठीहून ऑटोने आल्या. लेकाची बाजू घ्यायला आल्या असं वाटून मी कडी काढलीच नाही.

"आई, तू मधात नको पडू," तो म्हणाला.

"तुह्या बापाच्या वेळी नाही पडली. म्हणून तू असा झाला." मग त्यांनी माझं दार वाजवलं. "कपडे भर वं."

मी बाहेर आले तेव्हा बत्ता त्यांच्या हातात होता. निघताना खोकं त्यांनीच उचललं. वायर काढेपर्यंत ते वाजत होतं.