डाग पडलेला मासा

जन्मात मी पुष्कळ माठपणा केला, पण डायनासोर गेले तरी टिकून राहिलेल्या माशाला एका दुपारीत रंग फासून निकालात काढणारी बाई साऱ्या खानदेशात मी एकटीच. तेव्हा मी चाळिशीची होते, म्हणजे स्वतःला शहाणी समजण्याच्या ऐन वयात. मासा शेजारच्या सरांचा. आणि सरांइतका माशावर जीव लावणारा माणूस समुद्राकाठीही सापडायचा नाही.

सर चोपड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. शुद्ध शाकाहारी, समुद्र फक्त नकाशात पाहिलेला. पण सीलाकँथचा विषय निघाला की ताटातलं वरण निवून जाई. हा मासा केव्हाच संपला असं सगळे धरून चालले होते, तर तो आफ्रिकेच्या बाजूला जाळ्यात आला; पुढे त्याचा भाऊबंद पार इंडोनेशियात निघाला. सर त्यांना थोरला-धाकटा म्हणत. थोरला निळा, धाकटा तपकिरी, दोघांच्या अंगावर पांढरे ठिपके, बाकी नाकीडोळी एक. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारी, "सर, खायला कसा लागतो?" सर दुखावून म्हणत, "पोट बिघडतं." "मग उपयोग काय त्याचा?" यावर सर वांग्याच्या भाजीकडे बघत बसत.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांना दहा मिनिटं मिळाली. "वहिनी, एकदा तरी लोकांनी नीट ऐकावं," म्हणाले. महिनाभर खपून कागदाच्या लगद्याचे दोन मासे केले, ठिपके मोजून दिले आणि बांधाबांधीला माझ्याकडे ठेवले. मी पडले केळीवाल्यांची सून. तो तपकिरी, ठिपकेवाला धाकटा बघून माझा जीव वरखाली. डाग पडलेला, उतरलेला माल धुळ्याला पाठवायचा? पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला निळा रंग उरला होता. धाकट्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत फासला, हात बसला तसे थोरल्याचेही ठिपके बुजवले, केळीच्या वाळल्या पानांत दोघांना गुंडाळलं आणि कौतुक ऐकायला बरोबर गेले.

परीक्षकांसमोर पानं सुटली. "फरक सांगा," ते म्हणाले. गर्दीतले एक आबा ओरडले, "सर, या त बठ्ठा सारखाच शेतस!" म्हणजे, हे तर सगळे सारखेच. सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाले, "रंगावर जाऊ नका. फरक रक्तात आहे. या भावांची वाट फार पूर्वी फुटली." पुरी दहा मिनिटं बोलले. परीक्षकांनी त्यातली दोन ऐकली, आठ चहात घालवली आणि पहिला नंबर केळीच्या सालीच्या बूटपॉलिशला दिला.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या हातांच्या पाठीवर आता तपकिरी डाग उठलेत. नात त्यावर क्रीम चोळायला आली की परतीची एसटी आठवते. अमळनेर येईपर्यंत मी रडवेली. मग मांडीवरच्या धाकट्याला थोपटत ते म्हणाले, "वहिनी, निळा मासा मेला की तोही तपकिरीच होतो. पिकलेला माल परत कच्चा करून दाखवलात तो फक्त तुम्ही."