ग्रेडरसाहेबांच्या आठ कळ्या

शेजारच्या ग्रेडरसाहेबांच्या ऑर्किडच्या खोलीत मी आंब्यांची अढी घातली. चार दिवसांत त्यांच्या आठपैकी सात कळ्या गळाल्या. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो.

हे एकदा कबूल करून टाकलं की बाकीचं सांगायला मी मोकळा. यवतमाळात लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची कॉलनी आहे, आणि ग्रेडरसाहेबांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस तिथे सापडायचा नाही. माणूसच कशाला, मांजरही नाही. यात त्यांचा दोष नव्हता, धंदाच तसा. बत्तीस वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, या हंगामाला मारेगाव तर पुढच्याला दारव्हा. कापसाची गाडी समोर आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, गाडीच्या पोटातला मूठभर कापूस बाहेर काढायचा, दाबायचा, सोडायचा, आणि डोळे मिटून म्हणायचं, "पानी मारलं." कधी वजन वाढवायला खरंच पाणी शिंपडलेलं असायचं, कधी नुसतं पहाटेचं दव. साहेब निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाला नाही. सकाळचा पेपर ते आधी दाबून बघायचे, मग उघडायचे. मी शेजारी राहायला आलो त्या दिवशी मी हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला, दाबला, सोडला आणि म्हणाले, "ओल आहे. बीपी तपासून घ्या सर." मी घरी येऊन बायकोसमोर खूप हसलो. मग तपासलं. निघालं.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीने बंगलोरला नोकरीतल्या एका केरळी मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि नंतर फोनवर कळवलं. साहेब ओरडले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी फक्त जावयाला न बघताच खालची प्रत लावली आणि विषय बंद केला. वर्षभराने जावयाने पार्सलने एक झाड पाठवलं. त्याच्या आईच्या अंगणात म्हणे असली ऑर्किडं नारळाला टांगलेली असतात. जाड हिरवी पानं, माती नाही, कुंडीत नुसते सालीचे तुकडे. "माती कुठं आहे? माती कमी देल्ली," हा पहिला संशय. मग महिनाभर, ते झाडच प्लॅस्टिकचं आहे, हा दुसरा. एके दिवशी नखाने पान कुरतडून त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली. तो ओरखडा अजून आहे. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, त्याला ऑर्किड म्हणत नसत. "जावयाचं झाड" म्हणत, आणि तेही साहेब ऐकतील अशा बेताने.

मुलीचा फोन काकूंनाच यायचा. ती दर वेळी विचारायची, "येऊ का आम्ही?" आणि साहेब पलीकडच्या खोलीतून भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचे, "फूल आलं का या म्हना." या पाच शब्दांच्या पुढे त्यांची जीभ वळत नव्हती, आणि झाड काही फुलत नव्हतं. दोन वर्षं लागोपाठ दांडा आला, कळ्या आल्या, वाटाण्याएवढ्या झाल्या, मग पिवळ्या पडून टपाटप गळल्या. काकू माझ्या बायकोजवळ एकदाच बोलल्या, "कळी नाही पडत बाई, पोरीचं तिकीट पडते."

तिसऱ्या वर्षी आठ कळ्या धरल्या आणि साहेबांनी चौकशी आयोग नेमला. आयोगात ते एकटेच. कूलरचा गार झोत थेट अंगावर येतो म्हणून कूलर दुसऱ्या खिडकीला गेला, आणि वैशाखात काकू ओला पंचा डोक्यावर घेऊन स्वयंपाक करू लागल्या. फोडणीचा ठसका नको म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद. अगरबत्ती बंद, देवाला नुसता नमस्कार. दूधवाल्याच्या गाडीच्या धुरावर संशय आला, तेव्हापासून तो बिचारा कोपऱ्यावर इंजिन बंद करून गाडी लोटत आणायचा. कुंडी जागची हलली तरी कळ्या रुसतात असं कुठेतरी ऐकलं, म्हणून कापसाच्या गठाणीवर नंबर टाकायच्या काळ्या शाईने त्यांनी टेबलावर कुंडीभोवती गोल आखला. झाडताना काकूंकडून ती दोन बोटं सरकली, तर साहेब संध्याकाळी गोलाकडे बघत म्हणाले, "इथं कोनतरी येऊन गेलं." घरात दोघंच राहत होती.

हवेची ओल मोजायला जावयाने एक काटा पाठवला होता. साहेबांचा त्यावर विश्वास नव्हता. "काटा कोनाचाही फिरवता येते." खाली ताटात खडे आणि पाणी ठेवून त्यांनी कुंडीशेजारी सरकीसकट मूठभर कापूस ठेवला होता. दिवसातून चार वेळा तो दाबायचा आणि त्यावरून ताटात पाणी घालायचं. मी एकदा चोरून काट्याशी ताडून पाहिलं. काटा चुकत होता की साहेब, हे विज्ञानाचा मास्तर असूनही मला ठरवता आलं नाही.

अशात काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, नागपूरला, चार दिवस. कळ्या करवंदाएवढ्या झालेल्या. किल्ली कोणाला द्यायची यावर साहेबांनी दोन रात्री घालवल्या आणि शेवटी माझ्याकडे आले. "तुमच्यावर भरोसा आहे असं नाही," ते म्हणाले, "पन तुमी विज्ञानाचे मानूस." सोबत वहीच्या कागदावर सोळा कलमं होती. कूलर किती वाजता, पाणी कुठवर, खिडकी किती बोटं. मी सोळाच्या सोळा पाळली, हे इथे नमूद करतो. सतराव्या कलमाचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्याच दिवशी माझा साळा शेतातले गावरान आंबे घेऊन आला, एक पोतं. बायको म्हणाली, घरात मुंग्या होतात, कुठे ठेवायचं ते तुम्ही बघा. मी बघितलं. सबंध कॉलनीत गार, अंधारी, बंद आणि निवांत अशी एकच खोली होती, आणि तिची किल्ली माझ्या खिशात होती. दिवाणाखाली भाताचं तणस पसरलं, आंबे मांडले, वर पुन्हा तणस. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की त्या दिवशी ताटात पाणीही दोन पेले जास्त घातलं.

तिसऱ्या दिवशी खोलीत घमघमाट सुटला आणि कळ्या पिवळ्या पडल्या. चौथ्या दिवशी सकाळी टेबलावर सात कळ्या पडलेल्या होत्या, आठवी दांड्याच्या टोकाला कशीबशी लटकलेली. साहेब दुपारच्या गाडीने यायचे होते. मी आंबे उचलले, खोली झाडली, आणि वास जावा म्हणून काय केलं असेल? अगरबत्ती लावली. कलम चौथं, अगरबत्ती बंद.

साहेब उंबऱ्यात थांबले. आत आलेच नाहीत. नाक वर करून म्हणाले, "अगरबत्ती." मग जरा वेळाने, "अगरबत्तीच्या खाली आंबा." मग दिवाणाखाली वाकून, कापसातला कचरा वेचावा तशी तणसाची एक काडी चिमटीत धरून त्यांनी माझ्यासमोर आणली. "हे काय जी, सर?"

मी सगळं सांगितलं. आंबा आणि कळ्या यांचा काही संबंध असेल हे मात्र मला पटत नव्हतं, आणि तसं मी बोललोही. साहेबांनी सात कळ्या तळहातावर घेतल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या काकूंनी खुर्चीतून विचारलं, "पडल्या का?" मग साहेबांनी काकूंचा फोन उचलला आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वतः बंगलोरला लावला. मुलीने उचलला. "त्याले दे," एवढंच म्हणाले.

पुढचं हिंदीत झालं. नमस्कार नाही, काही नाही. "एक आदमी ने कमरे में आम पकाया. कली गिर गई. काहून?" पलीकडून उत्तर आलं ते मला बसल्या जागी ऐकू आलं. पिकत्या फळातून जो वायू सुटतो, त्याने कळ्या गळतात. साहेबांनी फोन कानावरून जरा बाजूला केला. "सर, इथिलीन म्हनते हा. तुमी शिकवता का असं काही?"

इथिलीनचं सूत्र मी वीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे. "आमच्याकडे फक्त सूत्र असतं," मी म्हणालो.

"सूत्र असते म्हनतात," त्यांनी जावयाला कळवलं, आणि दोघं मिळून माझ्यावर जे सुरू झाले ते पाऊण तास थांबले नाहीत. मी उठून गेलो तरी चाललं होतं. मी यांच्या घरात एवढं मोठं कार्य आजवर केलं नव्हतं.

आठवड्याने मुलगी आणि जावई आले, फुलाची वाट न बघता. उरलेली कळी वाचवायला म्हणून आले असं अधिकृत कारण होतं. मुलगी काकूंच्या गळ्यात पडली, आणि जावई, उंच, लाजरा मुलगा, सरळ झाडाकडे गेला. ताटातले खडे पाहिले, शाईचा गोल पाहिला, पानावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग शेजारचा कापूस त्याने उचलला, दाबला, सोडला. "थोडा कम है, पापा." साहेबांनी त्याच्या हातातून कापूस घेतला, डोळे मिटून दाबला. बराच वेळ दाबून धरला. ताटात पेलाभर पाणी ओतलं, आणि काकूंच्या जवळून जाताना हळूच म्हणाले, "हात आहे पोराले."

ती कळी पाचव्या दिवशी उमलली. पांढरं, मधोमध जांभळा ठिपका. माझे आंबे त्यांनी सगळ्यांनी मिळून खाल्ले. अंगणात, फाटकाजवळ बसून.

आता दरवर्षी फुलं येतात आणि ती दोघंही येतात. साहेब मात्र थकले. पेपर न दाबताच उघडतात, दूधवाला गाडी थेट दारात आणतो. परवा मी समोरून गेलो तर त्यांनी कुठे गेला होतात, असंही विचारलं नाही. मला ते लागलं. ज्याच्यावर साहेबांचा संशय उरला नाही, त्याने या कॉलनीत राहून करायचं काय? यंदा दांड्यावर अकरा कळ्या आहेत असं ऐकलं म्हणून काल मुद्दाम बघायला गेलो. साहेब काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मला एकदम भरून आलं. त्यांनी तो सावकाश वर उचलला, नाकाशी नेला आणि सोडला.

"आंबा खाऊन आले तुमी. जे बोलाचं ते तिकडूनच बोला, सर."