डिफॉल्ट पत्ता

ओल्या लोकरीचा वास आला की मला डब्लिनच्या ऑफिसातल्या त्या आजी आठवतात. आम्ही एका इन्शुरन्स कंपनीची वेबसाइट बनवत होतो. सुरू होताना ॲप डेटाबेसचा, म्हणजे ग्राहकांची माहिती जिथे साठवलेली असते तिथला, पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर त्या त्या मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमधून वाचायचं. टेस्टच्या मशीनवर खोट्या माणसांचा, दुसरीकडे खऱ्या माणसांचा. व्हेरिएबल मिळालं नाही की ॲप बंद पडायचं आणि डेमोत लाज जायची, म्हणून मी कोडमध्ये खऱ्या माणसांच्या डेटाबेसचा पत्ताच डिफॉल्ट, म्हणजे व्हेरिएबल नसेल तेव्हा वापरायला, टाकून ठेवला. नागपूरचा सीनियर म्हणालाही होता, "काढ ते यार, कधीतरी महागात पडेल." मी हसण्यावारी नेलं. मग एकदा टेस्टचं मशीन रीस्टार्ट झालं, व्हेरिएबल लोडच झालं नाही, ॲप मात्र त्या डिफॉल्ट पत्त्यावर मजेत सुरू झालं. नावं खोटीच आहेत असं समजून मी पहिल्याच नावापुढचं 'क्लेम नामंजूर' दाबलं. दुसऱ्या दिवशी बर्फातून गाडी चालवत त्या आजी रिसेप्शनला आल्या. कोट भिजून जड झाला होता. नवरा हॉस्पिटलात, ऑपरेशन तोंडावर, आणि हातात क्लेम नामंजूर झाल्याच्या ईमेलचा प्रिंट. मॅनेजरने मला बोलावून घेतलं आणि त्यांना सांगितलं, "सिस्टिमची गडबड होती, क्लेम मंजूर आहे." त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सॉरी हं, माझंच काहीतरी चुकलं असणार, मला कॉम्प्युटर जमत नाही." मी म्हणालो, "इट्स ओके, मॅम." हल्ली माझ्या टीममधली मुलं कुरकुरतात, एका व्हेरिएबलसाठी अख्खं ॲप बंद पडतं, डिफॉल्ट टाकू या ना. मी म्हणतो, पडू दे बंद. का, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.