धक्क्यावरचं बाक

टास्मानियातल्या त्या बंदरगावात नगरपालिकेनं धक्क्यावरचं बाक उचललं, तेव्हा रोज तिथं बसणाऱ्या मर्ल ट्रेगेंझाबाई खवळल्या. बाकाविरुद्ध तक्रार कुणी केली, हे विचारायला त्यांनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज ठोकला. कागद आला, पण नावावर काळी शाई फासलेली.

"माझ्यापासून लपवता? थांबा, बघतेच एकेकाला!" म्हणत त्या थेट राज्याच्या लोकपालाकडे गेल्या. चौदा महिन्यांनी लोकपालानं नगरपालिकेला फर्मावलं: तक्रारदाराला विचारा, हरकत नसेल तर नाव देऊन टाका.

आठवड्यानं मर्लबाईंनाच पत्र आलं. 'सहा वर्षांपूर्वी बाकाच्या खिळ्यानं स्कर्ट फाटल्याची तक्रार आपण केली होती. आपलं नाव अर्जदाराला कळवायला हरकत आहे का?'

बाईंनी आधी दार लावून घेतलं. मग लिहिलं, 'सक्त हरकत आहे. त्या मर्लच्या तोंडात तीळ भिजत नाही.'