मंगळवारच्या खोलीतलं मशीन

त्या शिलाई मशीनचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं. प्रकरण इतकं साधं होतं की सकाळी आलं तर दुपारच्या जेवणाआधी मिटायला हवं होतं. पण त्यात सगळी भली माणसं होती. बावीस वर्षांच्या नोकरीत भल्या माणसांनी आमच्या ठाण्याला जेवढा ताप दिला तेवढा चोरांनी दिला नाही.

मी अधिकारी नव्हते. नवरा पोलिसात असताना गेला आणि मला ठाण्यात अनुयायी म्हणून घेतलं. म्हणजे झाडलोट, चहापाणी, फायली इकडून तिकडे. शिक्षण बेळगावकडच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत. महिला कॉन्स्टेबल नेहमी कमी असत, त्या बंदोबस्ताला गेल्या की चौकशीला आणलेल्या बाईजवळ मला बसवत. बसून बसून मी बरंच ऐकलं. नावं कुणाचीच सांगत नाही. ठाणं बंगळुरात, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीकडे, एवढं पुरे.

आमच्या हद्दीत, कारखान्यांच्या मधे एक लहानसं चर्च होतं. त्या लोकांची एक रीत होती. आवारातली एक खोली दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच उघडी ठेवायची. आत तांदूळ, डाळ, भांडी, धुतलेले कपडे, शाळेची दप्तरं. ज्याला गरज असेल त्यानं यावं, लागेल ते घ्यावं आणि जावं. कुणी नाव विचारायचं नाही. त्या तीन तासांत चर्चच्या माणसानं तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, कारण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये. हिंदू, मुसलमान, सगळे जात. आमच्याच एका हवालदाराच्या घरात तिथलं दप्तर आलेलं मी पाहिलं होतं. मी काही बोलले नाही.

ऐकायला फार चांगलं वाटतं. आता हेच पोलिसाच्या बाजूनं बघा. दाराला कुलूप नाही, कोण काय नेतो त्याची नोंद नाही, साक्षीदार तर मुद्दाम ठेवलेला नाही.

एका गुरुवारी सकाळी त्या चर्चचे सचिव ठाण्यात आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. चर्चच्या शिवणवर्गात पायाची पाच मशीनं होती, त्यातलं एक चोरीला गेलं, अशी त्यांची तक्रार. वर्गाची खोली वेगळी आणि मंगळवारची खोली वेगळी, हे त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं होतं.

खबर मिळायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं आमच्या हवालदाराला सांगितलं की मंगळवारी चारच्या सुमारास एक बाई तसलं मशीन त्याच्याच रिक्षातून घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावर चढवू लाग म्हणत होती, त्यानं पाठ दुखते म्हणून नाही म्हटलं. तासाभरात आमची माणसं जाऊन मशीन आणि बाई दोन्ही घेऊन आली. सगळी गल्ली गॅलरीत उभी राहून बघत होती म्हणे.

बाई बिदरकडची, चाळिशीची. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलायची. म्हणून साहेबांनी मला तिच्याशेजारी बसवलं. पीण्यातल्या एका पॅकिंगच्या कारखान्यातलं काम सुटलं होतं, तेव्हापासून ती चिकपेटच्या एका दुकानातून साड्या आणून घरी फॉल लावायची. आतापर्यंत हातानं लावत होती, बोटांची चाळण झाली होती.

साहेबांनी विचारलं, मशीन घेतलंस का? घेतलं म्हणाली. कुणाला विचारून? कुणालाच नाही. रायटरनं, म्हणजे ठाण्यातलं लिखाण करणाऱ्या आमच्या हवालदारानं, पेन खाली ठेवलं. त्याच्या मते गुन्हा कबूल झाला होता.

"अहो, विचारायचंच नसतं तिथं," ती म्हणाली. "उघडी खोली होती. तांदळाच्या पोत्याजवळ मशीन उभं होतं. मला वाटलं, कुणीतरी दिलंय."

अण्णा समोरच होते. मशीन त्या खोलीत कधी ठेवलं जात नाही, ते वर्गाच्या बाजूनंच उचललं असणार, असं ते शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. ती बाईही खोटी वाटत नव्हती. चौकशीत दोन खऱ्या माणसांना समोरासमोर बसवण्यासारखा दुसरा वैताग नाही. खोटा माणूस तिसऱ्यांदा सांगताना काहीतरी बदलतो. ही दोघं एक शब्द बदलत नव्हती.

त्यात दुपारी चर्चची माणसं आली. पास्टर, चार बायका आणि मोठ्या डब्यात पुलाव. त्यांनी साहेबांना वाढला, आम्हाला वाढला, त्या बाईलाही वाढला. अण्णा किती सज्जन आहेत ते सांगितलं आणि मग ही बाईही किती कष्टाळू आहे ते सांगितलं. साहेबांनी विचारलं, मंगळवारी कुणी काही पाहिलं का? तर चौघी अभिमानानं म्हणाल्या, आम्ही पाहतच नाही. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

पास्टर तरुण होते, डोळ्यांत झोप नसलेले. त्यांनी साहेबांजवळ जाऊन हळू सांगितलं की एका मशीनसाठी शेजाऱ्यावर गुन्हा नको, आम्ही माफ करतो, तक्रार मागे घेतो. साहेब लगेच तयार. गुन्हा अजून नोंदवलेलाच नव्हता. सूर्य मावळल्यावर बाईला ठाण्यात ठेवता येत नाही, आणि महिला कॉन्स्टेबल अजून बंदोबस्तावरून आली नव्हती. कागद पुढे सरकवला, सही करा आणि सगळे घरी जा.

मीही उठले. बादली घ्यायला वळले, तर ती बाई जागची हलेना.

"माफ कशाचं करता?" तिनं विचारलं. "मी काय केलं?"

पास्टर गोंधळले. म्हणाले, "अक्का, आता काही राहिलं नाही. शांततेत मिटलं."

"तुमचं मिटलं. माझ्या घरी लोकांच्या सव्वीस साड्या आहेत. माफ केलेल्या चोराकडे चिकपेटचा शेठ साड्या ठेवेल? उद्या सकाळी माणूस पाठवून उचलून नेईल. लिहा, चोरी झालीच नाही. तेव्हा उठते."

रायटर म्हणाला, "बाई, सोडतायत तर जा की. पुलावपण खाल्लास."

"तूही खाल्लास," ती म्हणाली. "तू काय चोरलंस?"

साहेबांनाही हसू आवरेना, पण प्रश्न तिथंच राहिला. चोरी झालीच नाही असं लिहायचं तर मशीन त्या खोलीत गेलं कसं, ते कळायला हवं होतं. सगळ्यांना घरी जायचं होतं आणि ती एकटी अडून बसली होती. खरं सांगते, मलाही तिचा राग आला. माझी भाजी आणायची राहिली होती.

मशीन मुद्देमाल म्हणून कोपऱ्यात उभं होतं. बादली आणून मी फरशी पुसायला घेतली आणि त्यावरूनही फडकं फिरवलं. फळीवर बारीक आकाशी ठिपके होते, पुसून जाईनात. नखानं खरवडलं तर रंग, अजून पुरता वाळलेला नव्हता. मी तिला विचारलं, तुझं घर कोणत्या रंगाचं? म्हणाली, गुलाबी, घरमालकानं लावला तेव्हापासून तोच. मग अण्णांच्या बुटांकडे माझं लक्ष गेलं. पॉलिश केलेल्या बुटाच्या शिवणीत तसाच एक आकाशी ठिपका.

साहेबांसमोर बोलायची माझी पद्धत नव्हती. मी हवालदाराला चहा देताना सांगितलं. त्यानं साहेबांना सांगितलं. साहेबांनी अण्णांना विचारलं, चर्चमध्ये रंगकाम चाललंय का?

हो, म्हणाले. शिवणवर्गाच्या खोलीचं. सोमवार ते बुधवार.

मग सामान कुठं हलवलं होतं?

अण्णांनी आपल्या बुटाकडे बघितलं. मग म्हणाले, व्हरांड्यात. रंगाऱ्यांनी हलवलं.

हवालदार रंगाऱ्यालाच घेऊन आला. त्याला या लोकांच्या रीतीभाती काय माहीत? त्यानं सरळ सांगितलं. चार मशीनं व्हरांड्यात बसली, पाचव्याला जागा उरली नाही, ते आतच रंगाखाली राहिलं. मंगळवारी दुपारी त्यानं अण्णांना फोन केला. अण्णा बाहेर होते, म्हणाले, समोरची खोली उघडीच असेल, तिथं ढकल. त्यानं ढकललं. आणि नेमकं दोन ते पाचमध्ये तिकडे बघायचं नाही म्हणून चर्चमधल्या कुणालाही ते दिसलं नाही. अण्णांच्या डोक्यातून तो फोन पार गेला होता. त्यांना फक्त बुधवारी चार मशीनं दिसली.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग स्वतःच रायटरकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं की चोरी झालीच नाही, वस्तू मी ठेवायला लावली, आरोप मी केला, चूक माझी. सही केली. मग बाईसमोर उभे राहिले. फोरमन माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला. हात जोडले.

इथं संपायला हवं होतं. पण नाही. पास्टर म्हणाले, त्या दिवशी त्या खोलीत जे होतं ते दिलेलंच, मशीन तुमचं. ती म्हणाली, चुकून आलेलं मला नको, वर्गातल्या बायकांचं आहे. वर्गातल्या बायका म्हणाल्या, आम्ही चारवर भागवू. ती म्हणाली नको. त्या म्हणाल्या घ्याच. अर्धा तास हेच. शेवटी साहेबांनी टेबलावर हात आपटला. "इदु पोलीस स्टेशन. हे ठाणं आहे," ते म्हणाले. "मला ते यंत्र पाच मिनिटांत इथून बाहेर दिसलं पाहिजे. कुठंही न्या."

तेव्हा ती बाई पहिल्यांदा उठली. पदर नीट केला आणि अण्णांना म्हणाली, "सरी, ठीक आहे. घेते मी. पण सकाळी ते सगळ्या गल्लीसमोर खाली उतरवलं. तसंच सगळ्यांसमोर वर चढवा. तुम्ही, आणि ज्यांनी उतरवलं ते."

ज्यांनी उतरवलं ते म्हणजे आमची माणसं. हवालदार साहेबांकडे बघू लागला. साहेब खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "जीप घेऊन जा."

पाच वाजले होते. गल्लीत पोरं, बायका, कारखान्यातून परतलेले लोक. पुढून अण्णा आणि पास्टर, मागून वर्दीतला हवालदार आणि मी. लोखंडी पाय, अरुंद जिना, तीन मजले. प्रत्येक वळणावर अडकायचं. दुसऱ्या मजल्यावर अण्णांना धाप लागली. मी म्हटलं, स्वल्प थांबा. ते थांबले नाहीत. प्रत्येक दारात माणूस उभा होता आणि प्रत्येक दाराशी अण्णा एकच वाक्य म्हणत होते, मोठ्यानं. "हे यांचंच आहे. चूक माझी होती." घरमालकाच्या दाराशी त्यांनी ते दोनदा म्हटलं.

साड्या कुणी उचलून नेल्या नाहीत. माझी कंबर मात्र त्या दिवसापासून दुखते ती दुखतेच.

नोकरीत मी खूप प्रकरणं मिटताना पाहिली. लवकर मिटलं की बरं झालं असंच मी समजायचे, कारण मिटलं की झाडून दिवा मालवता येतो. त्या दिवशी कळलं की माफी देऊन मोकळं होणं देणाऱ्याला सोपं असतं. घेणाऱ्याच्या अंगावर डाग तसाच राहतो. ती बाई आमच्यासारखीच वैतागून, दमून घरी गेली असती तर प्रकरण मिटलं असतं आणि ती संपली असती. चर्चवाल्यांनी ती खोली बंद केली नाही. बघायचं नाही ही रीतही ठेवली. फक्त दर मंगळवारी पावणेदोनला अण्णा स्वतः आत जाऊन प्रत्येक वस्तूला हात लावून येतात, मग दार उघडतात.

माझ्या साड्यांना फॉल मी तिच्याकडूनच लावून घेते. मशीन तेच आहे. मागे एकदा म्हटलं, आण चाकू, ते ठिपके काढून देते, मी अर्धवट खरवडले होते ना. तिनं फळीवर हात ठेवला.

"असू दे अक्का," म्हणाली. "माझ्या बाजूनं तेवढेच तर साक्षीला होते."