त्यांना बाहेर झोपवा

काल दुपारी नात मोठ्यानं कादंबरी वाचत होती. तेवढ्यात उन्हानं तापलेला पत्रा कडकन वाजला आणि मी किल्लारीच्या पत्र्याच्या शाळेत जाऊन पोचले.

भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. हीच कादंबरी मी सहावीच्या पोरांना वाचून दाखवत होते. रुसून गेलेला भाऊ परततो, सगळे हसत जेवतात आणि एकाच खोलीत झोपतात, तिथं प्रकरण संपलं.

"आता पुढं काय होईल?" मी विचारलं.

पोरं छताकडं बघत होती. शेवटी सुमन हळूच म्हणाली, "बाई, त्यांना बाहेर झोपवा की. लवकर."

नात वाचतच होती. भाऊ घरी परतला होता. मी उठले आणि दाराची कडी काढून ठेवली.